एका कॉम्प्युटरला दोन नाके

लग्नात, बारशाला, इतकंच काय, एकदा दहाव्याच्या घाटावरसुद्धा लोकांनी मला कोपऱ्यात गाठून एकच प्रश्न विचारलाय. "बाई, कॉम्प्युटरमध्ये आपली आपण येते ती फायरवॉल पुरते, की बाहेरची वेगळी घालावी?" घाटावर विचारणारे गृहस्थ तर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होते. मी म्हटलं, "अहो, आधी त्याला येऊ द्या, मग फायरवॉलचं बघू." त्यांना राग आला नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. बिबवेवाडीत छोटा गाळा होता, पण गाळ्यात मी कमी आणि स्कूटीवर जास्त. तेव्हा ब्रॉडबँड नुकतं घरोघरी यायला लागलं होतं. बेल वाजवली की दार उघडणारा माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. "साहेब नाही आले?" मी सांगायची, "साहेब घरी कुकर लावतायत. कॉम्प्युटर कुठंय?" आमचे हे खरंच कुकर लावायचे, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप नाही. काम झाल्यावर मात्र तीच माणसं जिन्यापर्यंत सोडायला यायची आणि पुढच्या वेळी फोनवर माझंच नाव घ्यायची. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तर फायरवॉल. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटरनेट आणि तुमचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसून कोण येतंय, कोण जातंय हे बघणारा हा एक प्रोग्राम. कॉम्प्युटरबरोबर फुकट यायची ती त्या काळी फक्त आत येणाऱ्यांना अडवायची, आणि मुकाट्याने. बाहेरून आणून घातलेली असायची ती आत येणारे, बाहेर जाणारे, सगळ्यांनाच हटकायची आणि दर वेळी पडद्यावर खिडकी उघडून तुम्हाला विचारायची, याला सोडू का? सोडू का? अक्षरशः भंडावून सोडायची.

गुण कोणात जास्त, हे कंपन्यांच्या डब्यांवर छापलेलं असतं. मी मात्र डबा न बघता माणूस बघायची. मार्केट यार्डात मसाल्याचा धंदा असलेले एक शेठ होते. त्यांनी चांगली महागातली फायरवॉल आणली होती. तिने काहीही विचारलं की शेठ 'हो' दाबायचे. मी म्हटलं, "शेठ, वाचता तरी का?" तर म्हणाले, "दारात आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही." वा! त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये इतकी घाण साठली होती की तो सुरू होईपर्यंत शेठचा नाश्ता उरकायचा. अशा माणसाला मी आतली फुकटची, मुकी फायरवॉल लावून द्यायची. जो प्रश्न वाचतच नाही, त्याला प्रश्न विचारण्यात काय अर्थ?

आणि दुसरं, कुणालाही पहिल्यांदा बजावायची ते हे, की दोन्ही एकदम चालू ठेवायच्या नाहीत. का नाही, ते मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र हडपसरला, अण्णांच्या घरी.

एका सकाळी फोन आला. बाईचा आवाज, रडू दाबल्यासारखा. "ताई, तुम्ही कॉम्प्युटर बघता ना? माझे सासरे मला काम करू देत नाहीत."

मी म्हटलं, "बाळ, त्याला मी काय करणार? मी फक्त कॉम्प्युटर बघते."

"तेच सांगतेय ना. ते कॉम्प्युटरमधूनच अडवतायत."

अशी तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाकीची कामं ठेवली आणि गेले.

तिचं नाव स्वाती. बाळ झाल्यावर तिची एका दवाखान्यातली नोकरी सुटली होती. तेव्हा पुण्यात नवं काम आलं होतं. परदेशातले डॉक्टर रोग्याची माहिती बोलून ठेवायचे, ती आपल्याकडच्या मुली कानाला हेडफोन लावून ऐकायच्या आणि टाइप करून पाठवायच्या. स्वातीने बाळाला मांडीवर घेऊन त्या कामाचं शिक्षण पुरं केलं होतं. कंपनी तिला घरून काम द्यायला तयार होती. अट एवढीच, की ऑफिसातल्या साहेबांना तिच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन तिचं काम चालू असताना तपासता आलं पाहिजे. आठवडाभर ते प्रयत्न करत होते आणि त्यांना आत येताच येत नव्हतं. "उद्या शेवटची चाचणी आहे," स्वाती म्हणाली. "उद्याही नाही जमलं तर माझी जागा दुसऱ्या मुलीला देणार. पुन्हा घरून काम देणारं कोण भेटणार मला? बाळाला सोडून मी कुठे जाऊ?"

"आणि सासऱ्यांचं काय?"

तिने आवाज खाली आणला. "अण्णांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर माझा प्रोग्राम अडवला. म्हणाले, घरात काय कमी हाय म्हणून सुनेनं काम करायचं? तेव्हापासून हे असं चाललंय. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणतात, तुम्ही दोघं बघून घ्या." 'हे' म्हणजे तिचा नवरा. तो चाकणला पाळीवर गेला होता. अशा वेळी नवरे नेमके पाळीवर असतात.

अण्णा हॉलमध्ये कॉम्प्युटरच्या शेजारीच खाटेवर बसले होते. पांढरा पायजमा, टोपी, चष्म्याला दोरी. घर मूळचं हडपसरच्या शेतकऱ्यांचं. शेताच्या जागी आता समोर आयटी पार्कच्या काचा चमकत होत्या. शेती भावांनी केली आणि अण्णांची उभी हयात जकात नाक्यावर गेली. आता नाके राहिले नाहीत, म्हणून नव्या पिढीला सांगते. शहरात माल घेऊन येणारा ट्रक नाक्यावर थांबायचा, जकात भरायचा, पावती घ्यायचा, मग दांडा वर जायचा. त्या दांड्यापाशी अण्णा.

"या बाई," ते म्हणाले. "आमच्या सूनबाईनं माझ्यावर फिर्याद केली आसंल."

"फिर्याद नाही, तक्रार. कॉम्प्युटरची."

"त्येच की."

बाहेरची फायरवॉल त्यांनी स्वतः निवडून आणली होती. का, तर दुकानदाराने सांगितलं, ही दोन्हीकडच्या गाड्या तपासते. अण्णांना ते फार पटलं होतं. "आमच्या नाक्यावर आत येणाऱ्या मालावर जकात. भाईर जाणाऱ्याला कोण इचारतंय? तिथंच सगळी गोम असती. ही हुशार हाय, जाणाऱ्याला बी इचारती." निवृत्तीनंतर मनुष्य कशात रमेल सांगता येत नाही. कुणी भजनात रमतो, कुणी सोसायटीच्या मीटिंगा उधळण्यात. अण्णा सकाळी देवपूजा झाली की कॉम्प्युटर सुरू करून त्याच्यासमोर बसत आणि येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला वाचून उत्तर देत. त्या खिडकीत 'हेच उत्तर कायम लक्षात ठेव' अशी सोय असते. ती त्यांनी एकदाही वापरली नव्हती.

"का हो अण्णा? एकदा सांगितलं की कटकट संपते."

"कायमचा पास? न्हाय बाई. आज चांगला माल आणला, उद्या काय आणील काय सांगावं? रोजची गाडी, रोजची पावती."

मी मनात म्हटलं, झालं! शेठ सगळ्यांना सोडतात, हे सगळ्यांना अडवतात. स्वातीचं म्हणणं मला शंभर टक्के खरं वाटायला लागलं. तरी धंद्याचा नियम असा, की गिऱ्हाइकाचं ऐकावं पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात घालू नये. म्हटलं, कॉम्प्युटर बंद करा आणि रोज करता तसंच सगळं करा.

अण्णांनी कॉम्प्युटर सुरू केला. या वेळी रोज स्वाती आत बाळाची अंघोळ उरकत असे. आज ती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तिचा प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच खिडकी उघडली. हा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ पाहतोय, सोडायचं का? अण्णांनी चष्मा चढवला. पडद्यावर बोट ठेवून इंग्रजी नाव एकेक अक्षर लावून वाचलं. मग जरा मोठ्याने, नाक्यावर म्हणत असतील तसं म्हणाले, "सूनबाईची गाडी हाय. सोड!" आणि 'हो' दाबलं.

मी स्वातीकडे बघितलं. ती त्या पडद्याकडे बघत राहिली होती.

"रोज हेच दाबता?" मी विचारलं.

"पयल्या दिशी अडवली. नाव वळखीचं नव्हतं. दुसऱ्या दिशी हिनं सांगितलं, माझ्या हापिसाचं हाय. वळख पटली. मंग कशापायी अडवू?"

मी ऑफिसात फोन लावला आणि साहेबांना म्हटलं, आता या आत. इकडून फाइली जात होत्या, मेल जात होतं. पण साहेब काही आत येईनात. "नाही होत हो मॅडम," ते वैतागून म्हणाले. "त्यांना सांगा, उद्यापर्यंतच थांबेन."

"बघितलंत?" स्वाती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

अण्णा ताडकन उठले. "म्या सोडली! हिच्या म्होरं, ह्या बाईंच्या डोळ्यांदेखत सोडली!" त्यांचा आवाज चिरकला. "पोरी, पावती फाडल्यावर म्या कुणाचीबी गाडी अडवली न्हाय. आजवर न्हाय!"

त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला आजही आठवतो. घरात आठवडाभर तो माणूस 'मी सोडतोय' म्हणून सांगत होता आणि एकाचाही विश्वास बसला नव्हता. माझाही कुठे बसला होता?

मग मी कॉम्प्युटरची स्वतःची, आतली फायरवॉल उघडली. ती चालू होती. बाहेरची घातल्यावर ती बंद करायची असते, पण इथे दोन्ही जोडीने उभ्या. आणि आतलीच्या खाली एक छोटी चौकट असते, 'अपवाद नकोत' अशा अर्थाची. ती टिक केलेली.

"हे कुणी केलं?"

"म्या," अण्णा म्हणाले, आणि त्यांची मान ताठ झाली. "दोन नाके आसले म्हंजे एकातनं सुटलेला दुसऱ्यात घावतो. आन अपवाद म्हणाल, तर एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा ट्रक व्हता. फोनावर फोन आले. म्या म्हणालो, जकात भर आन जा. अपवाद न्हाय म्हंजे न्हाय. सर्विसभर ह्येच केलं. मंग हितं म्या अपवादाला हो म्हणीन व्हय?"

मला हसूही आलं आणि डोक्याला हातही लावावासा वाटला. हा घोळ दुसरा कुणी घालूच शकला नसता. बाकी माणसं त्या चौकटीपर्यंत पोचतच नाहीत. अण्णा पोचले, वाचलं आणि तत्त्वाला धरून टिक करून आले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"अण्णा, नीट ऐका," मी म्हटलं. "पुण्याचा नाका आणि पिंपरीचा नाका वेगळा. पुण्याची पावती पिंपरीत चालायची का?"

"न्हाय. तिथली तिथं."

"तसंच झालंय. तुम्ही या नाक्यावर गाडी सोडता. ती बाहेर जाते. पण ऑफिसातले साहेब उलट आत यायला लागले, की मागे हा दुसरा नाका उभा आहे. तिथं तुमची पावती चालत नाही. आणि तुम्ही त्याला सांगितलंय, अपवाद नाही. मग तो साहेबांना परत पाठवतो."

"मला न इचारता?"

"न विचारता. ती टिक असली की तो सांगतसुद्धा नाही, कुणाला परत धाडलं ते."

अण्णा इतके भडकले की मी खुर्ची मागे घेतली. "न इचारता, न सांगता? आरं, गाडी अडवायची तर त्याला कारण सांगाया लागतं! ह्यो कसला नाका? ह्यो तर वाटमाऱ्या झाला!"

स्वातीने बाळाला माझ्या हातात दिलं. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, तोही बाळाने ताब्यात घेतला. ती अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, मी तुम्हाला काय काय बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी."

"तुझं काय चुकलं?" अण्णा म्हणाले. "घरात काय कमी हाय, आसं म्या म्हणालोच व्हतो."

"मग तरी रोज सोडत होतात?"

"ते तोंडानं म्हणालो. तोंड येगळं, नाका येगळा."

हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मनाविरुद्ध असलं तरी न्यायाने वागणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, आणि पाहिली ती अशी पायजमा-टोपीतली.

आता प्रश्न उरला, दोन्हींतली ठेवायची कुठली? माझा सल्ला सरळ होता. बाहेरची काढून टाका. आतली ठेवा, ती टिक काढा, स्वातीच्या प्रोग्रामला एकदाच परवानगी द्या, विषय संपला. घरच्या कॉम्प्युटरला तेवढं पुष्कळ. मी तसं सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "मंग ती खिडकी येणार न्हाय?"

"नाही."

"मला कुणी काय इचारणार न्हाय?"

"नाही अण्णा. सगळं आपलं आपण होईल."

"हं." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि डबीत ठेवला. "काढा. पोरीचं काम म्हत्त्वाचं."

मी माउसवर हात ठेवला. खरं सांगते, बटण दाबवेना. हडपसरचा नाका सुटल्यावर या माणसाला हा दुसरा मिळाला होता आणि तोही मीच उठवणार होते. पण मी पडले मेकॅनिक, भावना घेऊन कुठे बसू?

"थांबा ताई," स्वाती म्हणाली. "उलट केलं तर? अण्णांची ठेवली आणि ती मुकी बंद केली तर माझं काम चालेल?"

"चालेल. येणारे आणि जाणारे, दोन्ही तीच बघेल. पण मग रोज कुणीतरी बसून उत्तर द्यायला हवं."

"आहेत की," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. अण्णा एखाद्या दिवशी गावाला गेले, आजारी पडले, तर? निदान तिच्या प्रोग्रामपुरतं तरी कायमचं 'हो' करून ठेवू. तर दोघंही एकदम म्हणाले, "नको." आतापर्यंत एकमेकांशी धड न बोलणारी माणसं, आणि माझ्याविरुद्ध लगेच एक झाली. बरं बाई, तुमचा नाका, तुम्ही बघा!

मी आतली फायरवॉल बंद केली. साहेबांना पुन्हा फोन लावला. या वेळी पडद्यावर खिडकी आली, कुणीतरी आत येऊ पाहतंय. अण्णांनी चष्मा पुन्हा चढवला, नाव वाचलं, स्वातीकडे बघून खात्री केली आणि हात वर केला. "सोड!"

पडद्यावरचा बाण आपला आपण हलायला लागला. अण्णा दचकले. "आता ह्यो कोन हलवतोय?"

"ऑफिसातले साहेब. आत आलेत," स्वाती म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. अण्णांनी घाईघाईने टोपी सरळ केली आणि पडद्यासमोर ताठ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "ताई, चाचणी झाली. काम मिळालं." मागून अण्णांचा आवाज येत होता, "बाईंना सांग, म्या सकाळधरनं जागचा उठलो न्हाय."

मेकॅनिक म्हणून विचाराल तर मी अजूनही म्हणेन, त्या दिवशी माझाच सल्ला बरोबर होता. पण बरोबर सल्ला ऐकला असता तर त्या घराचं नुकसान झालं असतं, हेही तितकंच खरं. माझ्या धंद्यात दुरुस्त झालेली यंत्रं पुष्कळ पाहिली. दुरुस्त झालेलं घर एखादंच.

पुढे जकात गेली, नाके ओस पडले. माझा धंदाही हळूहळू आटला. आता कॉम्प्युटर घरी येऊन उघडायला कुणी बोलवत नाही, आणि आतली फायरवॉल इतकी शहाणी झालीय की बाहेरची घ्यायची घरच्या माणसाला सहसा गरज पडत नाही. म्हणून आता घाटावर कुणी विचारलं तर मी एका वाक्यात सांगते, आतलीच चालू ठेवा, ती बंद करू नका, आणि कावळ्याकडे लक्ष द्या. गाळा भाड्याने दिलाय. सकाळी बागेत फिरते. मजेत आहे.

परवा हडपसरला जाणं झालं, तेव्हा स्वातीकडे डोकावले. बाळ आता मला उंचीवरून खाली बघून नमस्कार करतं. स्वाती अजून घरूनच काम करते, हाताखाली पुष्कळ मुली आहेत. नवा लॅपटॉप आहे. त्यात बाहेरचं काही घातलेलं नाही, तो कुणालाही काही विचारत नाही. अण्णा त्याच खाटेवर होते. नजर गेलेली, ऐकू कमी, दिवसभर पडून. मी आलेय हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

स्वातीची कामाची वेळ झाली. तिने लॅपटॉप उघडला, हेडफोन गळ्यात अडकवला. मला वाटलं, आता ती बसेल. पण ती खाटेपाशी गेली आणि अण्णांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "अण्णा, गाडी आलीये!"

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. "कुणाची?"

"तुमच्या सुनेची."

पांघरुणातून हात बाहेर आला आणि सावकाश वर गेला. "वळखीची हाय," अण्णा म्हणाले. "सोड."